बाजू संपू दे

१

शनिवारी सकाळी आठाच्या आत फ्लोहमार्क्टला पोचायचं, हा कपिलचा नेम म्हणजे नेम. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या त्या जुन्या बाजारात लोक आपल्या घरातली अडगळ विकायला आणतात आणि आमचे हे महाराज ती विकत घेऊन आपल्या घरात आणतात, असं त्याच्या बायकोचं, कादंबरीचं, स्पष्ट मत होतं. कपिल त्या अडगळीला कलेक्शन म्हणायचा. सहाशे बावीस लाँगप्ले रेकॉर्ड्स, सगळ्या उभ्या, सगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, आणि एकीलाही हात लावण्यापूर्वी हात धुऊन पुसायचे. देवघराचं सोवळं परवडलं!

हे वेड आलं कुठून, तर सांगलीहून. वडिलांकडून. वासुदेवराव वीज मंडळात होते आणि घरी त्यांच्या चारशे रेकॉर्ड्स होत्या. रेकॉर्ड कडेनं धरायची, तळव्यावर घ्यायची नाही. सुई मधेच उचलायची नाही. ताटावरून अर्धवट उठू नये, तशी बाजू अर्धवट सोडू नये. कपिलला बाराखडी आणि हे नियम एकाच वर्षी शिकवले गेले.

चौदा महिन्यांपूर्वी कपिलची आई, मालिनी, गेली. त्यानंतर पंधरा दिवसांत बाबांनी चारशेच्या चारशे रेकॉर्ड्स रद्दीवाल्याला किलोवर घातल्या. कपिलला हे फोनवर कळलं. त्यातल्या काहींची इथे काय किंमत आली असती, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं; पण बाबांचा आवाज ऐकून त्यानं ते गिळलं. यंदा मोठ्या मिनतवारीनं त्यानं त्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीला आणलं. बाबा आले, पण त्याच्या कपाटाकडे पाठ करून बसायचे.

त्या शनिवारी मात्र ते आपण होऊन म्हणाले, "चल, मीही येतो."

कुणाचं तरी अख्खं घर रिकामं करून आणलेला एक स्टॉल होता. खोक्यात दोनशे तरी रेकॉर्ड्स असतील. बाबांनी हात घातला आणि एकच बाहेर काढली. कव्हरवर भिंतीला टेकवलेली सायकल, बस्स. कपिलनं रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरली आणि लेबलाशेजारच्या कोऱ्या कडेवर खरवडलेला नंबर वाचला. त्यानं तो पुन्हा वाचला. हॅनोव्हरच्या चार वादकांनी सदुसष्ट साली स्वतःच्या पैशानं काढलेली, फक्त तीनशे प्रती! ज्या नंबरासाठी लोक दहा-दहा वर्षं धूळ चिवडतात, तो नंबर. पण चेहरा त्यानं असा ठेवला, जसा बैठकीत मुलाकडचे ठेवतात.

"आठ युरो," विक्रेता म्हणाला.

"बघू," म्हणत कपिलनं आठ काढून दिले. "बाबा, ही तुमची. तुम्ही शोधलीत."

बाबा म्हणाले, "मी शोधली नाही रे. ती हाताला लागली."

२

घरी आल्यावर रीतसर कार्यक्रम झाला. कादंबरी पोहायला गेली होती. सात वर्षांची अन्वी जमिनीवर ठोकळ्यांचा वाडा बांधत होती. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि चौदा महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी तोंड प्लेअरकडे केलं. कपिलला तेवढ्यानंच भरून आलं.

पहिली बाजू झाली. दुसरी लागली. अकराव्या मिनिटाला पियानो थांबतो आणि मागचं ते जाड तारांचं वाद्य एकटंच, हळू हळू चालत राहतं.

"अहो."

"काय गं?" कपिल स्वयंपाकघराकडे बघत ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की कादंबरी घरात नाही. आणि असती, तरी लग्नाला नऊ वर्षं झाली, तिनं त्याला एकदाही 'अहो' म्हटलं नव्हतं. खुशीत असली की 'कपिल', भडकली की 'कप्या'. सासऱ्यांना ती 'अहो बाबा' म्हणायची ते खरं. पण नुसतं 'अहो', आणि तेही असं, शेवटाला थोडं लांबवून, या घरात कुणीच म्हणत नव्हतं.

"बाबा, ऐकलंत?"

बाबांचा मांडीवर ताल धरलेला हात तसाच थांबला होता. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बाजू संपू दे," ते म्हणाले.

बाजू संपली. कपिल पाणी प्यायला आत गेला तर स्वयंपाकघरात गवती चहाचा वास भरलेला. त्यानं दोन कपाटं उघडून पाहिली. गवती चहा त्यांच्या घरात गेल्या दिवाळीपासून नव्हता. खालच्या मजल्यावरची बाई काहीतरी उकळत असेल, असं म्हणून त्यानं खिडकी उघडली.

३

आता कपिलचं पोटापाण्याचं काम काय, तर वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात गाड्यांमधले नको ते आवाज शोधणं. दार कुठे कुरकुरतं, काच कुठे थरथरते. प्रत्येक आवाजाला जागा असते आणि प्रत्येक जागेला स्क्रू असतो, हे त्याचं लाडकं वाक्य. तेव्हा हा आवाजही त्यानं तसाच पकडायचं ठरवलं.

रविवारी त्यानं रेकॉर्ड धुतली. शुद्ध पाणी, मऊ ब्रश, सगळं साग्रसंगीत. घाण गेली आणि आवाज उजळला. आता अकराव्या मिनिटाला आधी "अहो" यायचं आणि वीस-पंचवीस सेकंदांनी दुसऱ्यांदा, "अहो, ऐकलंत का?"

त्यानं प्लेअर दुसऱ्या खोलीत नेला. त्याच्या वायरी बदलल्या. शेजारचा रेडिओ बंद आहे ना, ते विचारून आला. फोनवर रेकॉर्डिंग केलं. त्यात पियानो होता, तारा होत्या, बाई नव्हती. फोनच्या माइकचा दोष, असं त्यानं ठरवलं. मग ऑफिसमधला चांगला माइक आणला. त्यातही नव्हती.

कादंबरीला ऐकवलं. ती दाराला धरून उभी राहिली.

"कपिल, हा आईंचा आवाज आहे."

"काहीतरीच काय! सदुसष्ट साली आई शाळेत होती, मिरजेत. योगायोग असतो गं."

"योगायोग मराठीत बोलतो होय?" ती म्हणाली, आणि बाह्या खाली ओढत निघून गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे बाबा. ते आता दिवसातून सहा-सहा वेळा दुसरी बाजू लावत. जेवण अर्ध्यावर आलं. पोळीचा तुकडा मोडून हातातच राहायचा, कारण कान तिकडे. फिरायला चला म्हटलं तर, "नको, मधेच आलं तर?" गालफडं आत गेली. अन्वीशी पत्ते खेळणंही बंद झालं. ती जर्मनमध्ये कुरकुर करायची, आणि ते मराठीत "उद्या हं" म्हणायचे. आई तर गेलीच, आता बाबाही डोळ्यांदेखत झिजत चाललेत, हे कपिलला दिसत होतं आणि त्याची झोप उडाली होती.

म्हणून दहा दिवसांनी, मंगळवारी, त्यानं हेर ब्रांडेसला, म्हणजे ब्रांडेससाहेबांना, बोलावलं. स्टेशनमागे या गृहस्थाचं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान आहे. वय साठीचं, खिशात भिंग, आणि स्तुती करायची म्हणजे पदरचे पैसे जातात अशी समजूत. त्यानं रेकॉर्ड भिंगाखाली धरली, नंबर वाचला, मग ऐकायला बसला. अकराव्या मिनिटाला त्याची मान वर झाली.

"आल्झो, म्हणजे असं," तो म्हणाला, "इथे एक बाई बोलते. दोनदा. माझ्याकडे हीच रेकॉर्ड आहे, त्यात ती नाही."

कपिलनं प्लेअरचा आवाज कमी केला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपल्याच घराच्या कानाला भास होतोय. हा माणूस तर मराठीचा म सुद्धा न जाणणारा!

"मग किंमत पडली म्हणायची," कपिल कसाबसा बोलला.

"उलट! चुकीची छापली गेलेली, एकुलती एक. चांगल्या प्रतीला दोन हजार मिळतात. हिला मी चार देतो. शनिवारी चार वाजता येतो."

कपिलनं हात पुढे केला. चार हजारांचा मोह नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण ती वस्तू घरातून जावी, हा मोह त्याहून मोठा होता. इथे हातात हात दिला की सौदा झाला. बाबा शेजारच्याच खोलीत होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

४

बुधवारी संध्याकाळी त्यानं धीर करून सांगितलं. वाटलं होतं, बाबा चिडतील. ते चिडले नाहीत.

"शनिवारी चारपर्यंत माझी आहे ना? मग झालं तर."

"बाबा, अहो, काय ऐकताय तुम्ही त्यात? तब्येत बघा काय झालीय."

बाबांनी प्लेअरचं झाकण लावलं.

"तुझी आई गेली त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावली होती. तुला हे सांगितलेलं नाही. ती आतून म्हणाली, 'अहो.' मी ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाली, 'अहो, ऐकलंत का?' मी म्हटलं, 'बाजू संपू दे.' चार मिनिटं राहिली होती रे. चारच."

कपिलनं खुर्ची जवळ ओढली.

"तिसरी हाक आली नाही. बाजू संपली. सुई उचलली, रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली. मग आत गेलो. तिच्या गवती चहाचं भांडं जळून लाल झालं होतं. गॅस चालू, आणि ही खाली."

"बाबा, डॉक्टर म्हणाले होते ना, क्षणात गेली म्हणून. तुम्ही लगेच गेला असतात तरी..."

"डॉक्टरांचं मी ऐकलं," बाबा म्हणाले. "तिचं ऐकलं नाही."

कपिलला रडू फुटलं. चाळीशीचा बाप्या, पण बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देत बसला. बाबा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले, जणू घडलं होतं ते कपिलच्याच बाबतीत.

"तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं," कपिल म्हणाला. "माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेलच."

"आणि भलतंसलतं काही असेल तर दोनदा मारून गप्प बसतं. म्हणून मी थांबलोय. तिसरी आली, की ती आहे. नाही आली, तर ने म्हणावं त्या ब्रांडेसला खुशाल."

५

शनिवारी सव्वातीनला बाबांनी दाढी केली, निळा स्वेटर घातला आणि दुसरी बाजू स्वतःच्या हातानं लावली. कादंबरी दुकानं बंद व्हायच्या आत सामान आणायला गेली होती. अन्वी स्वयंपाकघरात चित्र काढत होती. तिकडचं खरखरीत काचेचं दार लोटलेलं होतं.

कपिल बाबांच्या शेजारी बसला. त्याला स्वतःलाच कळेना की तिसरी हाक यावी अशी इच्छा आहे की येऊ नये अशी. आली तर बाबा काय करतील? न आली तर?

पियानो थांबला.

"अहो."

बाबांनी खुर्चीचे हात धरले. तारा एकेक पाऊल टाकत होत्या.

"अहो, ऐकलंत का?"

मग काही नाही. अर्धं मिनिट. एक मिनिट. पियानो पुन्हा सुरू झाला, म्हणजे जागा निघून गेली होती. कपिलनं सुटकेचा श्वास घेतला आणि बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून त्याला त्या श्वासाची लाज वाटली.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. अन्वी उंबऱ्यात उभी होती, हातात हिरवा खडू.

"आजोबा," ती म्हणाली, "आजी बोलावतेय. ही तिसरी हाक आहे म्हणाली."

कपिलच्या अंगावर सर्रकन काटा आला तो आधी शब्दांमुळे नव्हे. अन्वीला मराठी कळायचं, पण जन्मात तिनं उत्तर दिलं ते जर्मनमध्येच. आणि आता ती मराठीत बोलली होती. स्वच्छ, सांगलीकडच्या हेलात.

बाबा उठले. प्लेअरपाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चालू बाजूवरून सुई उचलली.

"ओ," ते म्हणाले. "आलो, आलो."

"बाबा, नका जाऊ!" कपिलनं त्यांची बाही पकडली.

"सोड, बाळा. एकदा गेलो नाही, तेवढं पुरे झालं."

ते आत गेले आणि दार आपसूक लोटलं गेलं. कपिल अन्वीला कडेवर घेऊन तिथेच खिळला. खरखरीत काचेतून बाबांचा निळा स्वेटर दिसत होता. त्याच्याशेजारी, त्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर, साडीच्या पदरासारखं काहीतरी जांभळट होतं. बाबांनी मान त्या बाजूला कलती केली, ते ऐकताना करायचे तशी.

कपिलनं दार ढकललं तेव्हा बाबा एकटेच शेगडीपाशी उभे होते. चहाचं भांडं उकळून उतू चाललं होतं, खोलीभर गवती चहाचा वास होता. बाबांनी बटण फिरवून शेगडी बंद केली.

"हे तेवढं राहिलं होतं," ते म्हणाले.

"अन्वी, चहा कुणी ठेवला?" कपिलनं विचारलं.

अन्वीनं खांदे उडवले आणि जर्मनमध्ये म्हणाली की तिला भूक लागलीय.

६

चारच्या ठोक्याला हेर ब्रांडेस हजर. पाकिटात चार हजार, पायांत चकचकीत बूट. दारातच बूट काढून तो ऐकायला बसला. अकरावं मिनिट आलं, गेलं. त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. पियानो थांबत होता, तारा चालत होत्या, बाई नव्हती.

"तुम्ही रेकॉर्ड बदललीत?" त्यानं भिंग काढून नंबर तपासला. तोच होता. कडेचा तो बारीकसा चराही तोच.

"आता ही इतरांसारखीच," तो नाराजीनं म्हणाला. "दोन हजार देईन."

कपिलनं बाबांकडे पाहिलं. बाबा कादंबरीनं केलेला शिरा दुसऱ्यांदा वाढून घेत होते. दोन आठवड्यांत कुणी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. शेजारी अन्वी पत्ते पिसत होती.

"नाही, ठेवतो," कपिल म्हणाला. "आठ युरोंची आहे, पण वडिलांनी शोधलेली."

रात्री कादंबरी त्याला म्हणाली, "बाबा हसले आज. आई गेल्यापासून पहिल्यांदा." आणि का ते न कळून, दोघंही थोडे रडले.

७

रविवार दुपार. रविवारी या गावात खिळासुद्धा ठोकत नाहीत, इतकं सामसूम. कादंबरी अन्वीला घेऊन कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली होती. बाबा जेवून आपल्या खोलीत पडले होते.

कपिलनं स्वतःला बजावलं होतं की आता पुन्हा लावायची नाही. पण प्रत्येक आवाजाला जागा असते हे ज्याचं वाक्य, त्याला जागा मोकळी झालीय का ते बघितल्याशिवाय चैन पडेना. आवाज अगदी लहान ठेवून त्यानं दुसरी बाजू लावली आणि कान जवळ नेला.

अकराव्या मिनिटाला पियानो थांबला.

"ओ," बाबांचा आवाज आला. रेकॉर्डमधून. "आलो, आलो."

तारांची चारेक पावलं गेली.

"थांब गं जरा. एवढं कपिलला सांगून येतो."

कपिलनं आवाजाच्या बटणावरचा हात काढला. तो प्लेअरवर वाकलेला तसाच राहिला. माइकचा दोष नाही, वायरीचा नाही, शेजारच्या रेडिओचा नाही.

"कपिल," बाबांच्या खोलीतून हाक आली.

एकच. साधी, नेहमीची. चष्मा सापडत नसला की मारायचे तशी.

त्याचं पाऊल उचललं गेलं आणि अडलं. आईनं शिकवलेलं होतं. तिसरी येऊ दे. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेलच. बाजूची अजून नऊ मिनिटं होती. सुई फिरत होती, आणि कपिलला एकदम सांगलीची ती बाहेरची खोली दिसली, पाकिटात नीट घातलेली रेकॉर्ड दिसली, लाल झालेलं भांडं दिसलं.

त्यानं खसकन सुई उचलली. रेकॉर्डवर चर्रकन ओरखडा पडला. दोन हजारांची वस्तू कवडीमोल झाली आणि त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"ओ, बाबा!" तो ओरडला. "आलो!"

बाबा खोलीतल्या खुर्चीत बसले होते. केस विंचरलेले, निळ्या स्वेटरची सगळी बटणं लावलेली, आणि घरात कधी नव्हे ते पायांत बूट. समोरच्या पलंगावर चादर नीट घातलेली होती. फक्त कडेला, कुणी टेकल्यावर बसतो तसा, एका जागी खोलगट दाब होता. गवती चहाचा वास दाटून आला होता.

कपिल त्यांच्या पायाशी बसला. त्यांचा हात त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला. हात ऊबदार होता. पलंगाकडे त्यानं मान वळवली नाही.

बाबांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं, जसं तो शाळेत पहिला आला की असायचं.

"पहिल्या हाकेला आलास रे," ते म्हणाले. "बस. घाई नाही काही. ती थांबते म्हणालीय."